सफरचंद नेता येतं

मंगळवार, २३ जुलै. दुपारी बारा वाजून सतरा मिनिटांनी, टोलिडोच्या पूर्व भागात, माउंट नीबो चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये व्हर्डेल प्रुइटने एका नऊ वर्षांच्या मुलीला दाराशी थांबवलं आणि तिच्या हाफपँटच्या खिशातून अर्धं सँडविच बाहेर काढायला लावलं. मुलीने ते काढलं. कागदी रुमालात गुंडाळलेलं होतं, टर्कीचं, चावलेलं नव्हे तर बोटांनी नीट मधोमध तोडलेलं. व्हर्डेलने ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं, कारण मुलं नको असलेले पदार्थ इतरांसाठी ठेवतात त्या वाटणीच्या टेबलावर उघडलेलं अन्न ठेवता येत नाही. या सगळ्याला दीड मिनिट लागलं असेल. हॉलमध्ये त्या वेळी एकसष्ट मुलं जेवत होती आणि त्यांतल्या दोघा-तिघांनीच मान वर करून पाहिलं.

"हे काय गं, बाळा?" व्हर्डेलने विचारलं होतं. आवाज चढवला नव्हता. हे तिने नंतर स्वतःला अनेकदा सांगितलं.

"मांजरीसाठी आहे," मुलगी म्हणाली.

मागे दुधाचे खोके उचलणारे मिस्टर टॉलिव्हर हसले. चर्चचे जुने कारभारी, वय अठ्ठ्याहत्तर, गप्प बसणं त्यांना जमत नाही. "त्या मांजरीला म्हणावं, आपल्या पायांनी ये आणि रांगेत उभी राहा. चॉकलेटचं दूधपण मिळेल."

मुलगी हसली नाही. व्हर्डेलने टेबलावरचं सफरचंद उचलून तिच्यापुढे धरलं. "हे ने. सफरचंद नेता येतं. सँडविच इथेच बसून खायचं असतं, तुला माहीत आहे ना?"

"ती सफरचंद खात नाही," मुलगी म्हणाली. "तिचे पुढचे दात दुखतात."

मग तिला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं असावं. तिने सफरचंद घेतलं, दाराच्या बाहेर गेली आणि पायऱ्यांवर ते ठेवून निघून गेली. टॉलिव्हरना ते संध्याकाळी झाडताना सापडलं.

नियम व्हर्डेलला तोंडपाठ होता, कारण दर जून महिन्यात त्याचं प्रशिक्षण असतं आणि गेली चौदा वर्षं ती त्याला बसत आली होती. शाळेच्या वर्षात ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांच्या मोफत जेवणाच्या या केंद्रावर. अठरा वर्षांखालचं कुठलंही मूल येऊ शकतं. नाव विचारायचं नाही, पत्ता विचारायचा नाही, आईबाप काय करतात ते विचारायचं नाही, म्हणजे कुणी घाबरून घरी राहणार नाही. पण मुलाने स्वतः यायला हवं आणि जेवण केंद्रावरच संपवायला हवं. मोठ्यांना घास द्यायचा नाही, घरच्यांसाठी बांधून द्यायचं नाही. बाहेर नेता येते ती एकच वस्तू, एखादं अख्खं फळ. यात चूक सापडली तर केंद्राला लेखी ताकीद, दुसऱ्यांदा सापडली तर केंद्र बंद. तीन उन्हाळ्यांपूर्वी नदीपलीकडचं एक केंद्र असंच बंद झालं आणि तिथली चाळीस मुलं कुठे गेली हे कुणी सांगू शकलं नाही. व्हर्डेलला नियम मूर्खपणाचा वाटत नव्हता. मूल डोळ्यांसमोर जेवलं की ते जेवलं, एवढं तरी खात्रीने सांगता येतं. घरी गेलेला डबा कुणाच्या पोटात गेला ते कोण सांगणार? ती स्वतः हे नव्या बायकांना समजावून सांगत असे आणि सांगताना तिचा आवाज शांत, समजूतदार असे. त्या मंगळवारी तपासणीसाठी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कार्यालयातून हॉली ब्रँड्ट आली होती, तिशीची, हातात टॅब्लेट, गळ्यात ओळखपत्र. ती पावणेबाराला आली आणि साडेबाराला गेली. बारा-सतराला ती शीतपेटीपाशी वाकून उभी होती. जाताना व्हर्डेल तिला म्हणाली, त्या मुलीचं मी लगेच बघितलं हं, असं नेहमी होत नाही. हॉलीने भुवया उंचावल्या. "कुठली मुलगी? मी दुधाचं तापमान बघत होते. माझं लक्षच नव्हतं."

हे वाक्य व्हर्डेलच्या डोक्यात बसलं. माझं लक्षच नव्हतं. म्हणजे कुणी विचारलं नव्हतं, कुणी पाहिलं नव्हतं, आणि व्हर्डेल आपण होऊन चार पावलं पुढे गेली होती. कारण खरी गोष्ट अशी होती की मुलगी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून रोज येत होती आणि अर्धं सँडविच रोज नाहीसं होत होतं, आणि व्हर्डेलला हे तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. मुलीच्या गळ्यात नेहमी पोहण्याचा पिवळा चष्मा असे, जरी त्या भागातला तलाव दोन उन्हाळे कोरडा होता. ती आधी दूध पीत असे, मग गाजराचे तुकडे लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने खात असे, मग अर्धं सँडविच, सावकाश, कडेकडेने. उरलेल्या अर्ध्याकडे ती बघतसुद्धा नसे. ती वेळ आली की व्हर्डेल दुधाची पेटी आवरायला वळायची. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं, तिने स्वतःशीही ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. साधारण बारा-पंधराला मान आपोआप पेटीकडे वळत असे आणि दीड-दोन मिनिटांनी परत येत असे, तोवर मुलगी दाराबाहेर गेलेली असे. असे सहा आठवडे गेले. मुलीचं नाव अमॅरिस आहे एवढंच तिला माहीत होतं, तेही दुसऱ्या एका मुलीने तिला हाक मारली म्हणून. आणि त्या दिवशी पेटीपाशी आधीच कुणीतरी उभं होतं. मान वळवायला जागा नव्हती.

बुधवारी अमॅरिस आली नाही. गुरुवारीही आली नाही. तिच्या नेहमीच्या जागी, खांबाशेजारी, दुसरीच दोन मुलं बसून एकमेकांच्या दुधात नळीने बुडबुडे काढत होती. व्हर्डेलने त्यांना रागावायला हवं होतं, पण ती नुसती बघत राहिली. मांजर असती तर मुलगी म्हणाली असती, ती फळं खात नाही. दात दुखतात असं मांजरीबद्दल कुणी म्हणत नाही. पुढचे दात दुखतात म्हणजे दुधाचे दात, किडलेले, म्हणजे वय चार किंवा पाच. मुलगी येते त्या बाजूने इथवर येण्यासाठी बेल्डन रोड ओलांडावा लागतो. तिथे गाड्यांच्या चार रांगा आहेत, सिग्नल एकच आणि तोही दूर. नऊ वर्षांची मुलगी एकटी पळत ओलांडू शकते. चार वर्षांच्या मुलीचा हात धरून नाही. म्हणजे धाकटी घरात एकटी राहते, दाराला कुलूप, रोज पाऊण तास. म्हणजे आई कामावर असते आणि दार उघडायचं नाही असं सांगून गेलेली असते. व्हर्डेलने हे सगळं एका वाक्यावरून उभं केलं होतं आणि त्यातला एकही दुवा तिला सैल वाटत नव्हता. तिला हे इतक्या सहज उभं करता आलं, त्याचंच तिला भय वाटलं.

कारण ते कुलूप तिच्या ओळखीचं होतं. आठ वर्षांची असताना तिच्याही गळ्यात बुटाच्या नाडीत ओवलेली किल्ली होती. आई काचेच्या कारखान्यात, सकाळी सहाची पाळी. घरात ती आणि पाच वर्षांचा लॉनी, तिसऱ्या मजल्यावर, खिडक्यांना ओली चादर लावलेली. शाळा चालू असताना दुपारचं जेवण शाळेत मिळायचं आणि जूनपासून ते बंद व्हायचं, आणि त्या काळात त्याला काही नाव नव्हतं. त्याला उन्हाळा म्हणत. सकाळी पावाला साखरपाक, मग आई येईपर्यंत काही नाही. नळाचं पाणी पिऊन पोट फुगवायचं आणि कुणाचं जास्त मोठं ते बघायचं, हा लॉनीचा खेळ. एका दुपारी खालच्या मजल्यावरच्या मिसेस गेन्सने, तिच्याकडेच खायला मागायला निघालेल्या व्हर्डेलला जिन्यात गाठलं आणि बशीतून मक्याच्या पावाचे दोन तुकडे दिले, वर लोणी, लोणी अजून वितळत होतं. "एक तुझा, एक छोट्याचा. सांडू नको हं." दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर व्हर्डेल बसली. आपला तुकडा तिने तिथेच खाल्ला, कारण तो तिचाच होता. मग लॉनीच्या तुकड्याचा कोपरा, कारण तो तसाही तुटायला आला होता. मग दुसरा कोपरा, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. त्यानंतर काय झालं हे तिला सगळं आठवतं. भिंतीचा हिरवा रंग आठवतो, कुठेतरी चालू असलेला रेडिओ आठवतो, बोटांवरचं लोणी कठड्याच्या खालच्या बाजूला पुसलं ते आठवतं, तिथे पुसलं कारण वरच्या बाजूला आईचा हात लागला असता. वर जाऊन तिने सांगितलं, मिसेस गेन्स घरी नव्हती. लॉनी तोपर्यंत दाराला कान लावून बसला होता. "मग आपण परत कधी जायचं?" त्याने विचारलं. एवढंच. रडला नाही. त्याच्या गालावर दाराच्या लाकडाचा वळ उठला होता. लॉनी आता जॉर्जियात असतो, ट्रक चालवून निवृत्त झाला, दर रविवारी फोन करतो, गुडघ्यांबद्दल बोलतो. एक्कावन्न वर्षांत तिने त्याला सांगितलेलं नाही. सांगितलं तर तो हसेल हे तिला माहीत आहे आणि तेच तिला नको आहे. ती मुलगी मात्र रोज अर्धं सँडविच खिशात घालून चार रांगा ओलांडत होती, सहा आठवडे, आणि त्याचा कोपरासुद्धा तोडत नव्हती. कधी एक घास जास्त घेतला नाही. व्हर्डेलने हे रोज पाहिलं होतं. आणि थांबवलं ते हिला.

गुरुवारी हॉल पुसून झाल्यावर तिने गाडी बेल्डन रोडच्या पलीकडे नेली. तिथे पिवळसर विटांच्या तीन इमारती आहेत, प्रत्येकीत चोवीस घरं. ऊन असं होतं की डांबराला पाय चिकटत होते. ती खिडक्या बघत फिरली. किती खिडक्यांना चादरी लावलेल्या होत्या ते तिने मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिलं. मधल्या इमारतीच्या दाराशी एक बाई कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन उभी होती.

"कोण पाहिजे?"

"एक मुलगी आहे. अमॅरिस. नऊ वर्षांची असेल. गळ्यात पोहायचा चष्मा असतो."

बाईने तिच्या बुटांपासून केसांपर्यंत नजर फिरवली. "काउंटीची आहेस?"

"नाही, नाही. मी जेवण वाढते. माउंट नीबोमध्ये, मुलांना."

"मग जा, वाढ. इथे कशाला आलीस?"

"दोन दिवस आली नाही ती."

"उन्हाळा आहे. पोरं जातात कुठे कुठे. आजीकडे जातात." बाईने टोपली दुसऱ्या कमरेवर घेतली. "आणि इथे पोरं नाहीत."

तिच्या पायाशी तीन सायकली आडव्या पडल्या होत्या, एकीला तर मागे आधाराची छोटी चाकं लावलेली.

"आणि या?" व्हर्डेलने विचारलं.

"माझ्या आहेत. तिन्ही. व्यायाम करते मी." बाई हसली नाही. "ताई, तू बरी बाई दिसतेस. पण बऱ्या बायका येऊन गेल्या की दुसऱ्या दिवशी दोन गाड्या येतात. तेव्हा जा."

व्हर्डेल गाडीत जाऊन बसली. तिला त्या बाईचा राग आला नाही. तिच्या जागी तीही हेच म्हणाली असती. पोरांना आईबापांपासून घेऊन जाणाऱ्या अशा दोन गाड्या तिने स्वतःच्या गल्लीत पाहिल्या होत्या, पोरांचे कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत भरलेले, धाकट्याच्या हातात बुटांचा एकच जोड आणि तो चुकीच्या मापाचा. तरी शुक्रवारी तिने काउंटीच्या बालसंरक्षण विभागाला फोन केला. शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाला कायद्याने तो करावा लागतो, संशय आला तरी. तिने तीन दिवस लावले होते हाही एक गुन्हाच. गाडीच्या काचा बंद करून, एसी चालवून, नंबर लावला. अकरा मिनिटं संगीत वाजलं. मग एका थकलेल्या, सभ्य बाईचा आवाज आला.

"मुलीचं आडनाव?"

"माहीत नाही."

"पत्ता?"

"बेल्डन रोडच्या पलीकडे."

"पलीकडे म्हणजे अर्धं शहर झालं, मॅडम."

"पिवळ्या विटांच्या इमारती आहेत ना, त्या. बहुतेक."

"बहुतेक." टाइप केल्याचा आवाज. "मुलीच्या अंगावर काही खुणा? मार? जखमा?"

"नाही. स्वच्छ असते. वेणी रोज नवी असते." हे बोलताना तिला पहिल्यांदाच जाणवलं की कुणीतरी ती वेणी रोज घालतं, सकाळी सहाच्या आधी.

"आणि धाकटी बहीण. तिला पाहिलंत?"

"नाही."

"मग ती आहे हे कशावरून म्हणता?"

"ती सफरचंद खात नाही," व्हर्डेल म्हणाली.

पलीकडचं टाइपिंग थांबलं. मग ती बाई खरोखरच मायेने म्हणाली, की पत्त्याशिवाय प्रकरण उघडता येत नाही, पत्ता मिळाला तर पुन्हा फोन करा, आणि तुमच्यासारखी माणसं आहेत हे फार चांगलं आहे. फोन ठेवल्यावर व्हर्डेलला हलकं वाटलं. खांदे खाली आले, श्वास मोकळा झाला. तो हलकेपणा काय आहे हे कळायला तिला अर्धा मैल लागला, आणि मग तिने गाडी एका गॅरेजच्या बाजूला घेऊन उभी केली. नाव न विचारण्याचा नियम तिला नेहमी सगळ्यात चांगला वाटत आला होता. मुलांना भीती वाटू नये म्हणून तो केलेला होता. आता त्याच्यामुळे या मुलीपर्यंत कुणीही पोचू शकत नव्हतं, चांगल्यासाठी नाही आणि वाईटासाठीही नाही, आणि त्यात व्हर्डेलची सुटका होती.

सोमवारी, २९ जुलैला, तिने पहिल्यांदा नियम मोडला. हॉल बंद केल्यावर उरलेल्या डब्यांतलं एक सँडविच, दूध आणि सफरचंद कागदी पिशवीत घातलं आणि चर्चच्या मागच्या खिडकीखालच्या विटांच्या कठड्यावर, सावलीत, ठेवलं. सफरचंद हाताच्या सवयीने गेलं. मंगळवारी सकाळी पिशवी नव्हती. सफरचंद कठड्यावर होतं, विटांच्या मधोमध, देठ वर. व्हर्डेल त्याच्याकडे बघत उभी राहिली. त्या दिवशी तिने मुद्दाम पुन्हा सफरचंद घातलं. बुधवारी ते पुन्हा तिथेच, आधीच्याच विटेवर. बुधवारी तिने सफरचंदासोबत दोन सँडविचं ठेवली, कडा कापून, आणि कठडा दिसेल अशा जागी गाडीत बसून राहिली, एक तास दहा मिनिटं. कुणी आलं नाही. पिशवी तशीच होती. ती घरी गेली आणि गुरुवारी पिशवी नाहीशी झालेली होती, सफरचंद ठेवलेलं होतं. त्यानंतर तिने पाळत ठेवली नाही. जिच्याकडे बघितलं की ती येत नाही, तिच्याकडे बघायचं नाही, हे तिला सहा आठवडे जमलं होतं.

"मांजर खाते का मग नीट?" टॉलिव्हर म्हणाले. त्यांनी पाहिलं होतंच. ते कठड्याशी टेकून घाम पुसत होते.

"सफरचंद ठेवते," व्हर्डेल म्हणाली. "तीच आहे."

"बस थांब्यावर झोपतो तो म्हातारा बघितलास? आर्मीचा कोट घालून, एवढ्या उन्हात?"

"मग?"

"त्याला खालचे दात नाहीत." टॉलिव्हरनी तिच्याकडे पाहिलं नाही. "मी आपलं सांगतो, व्हर्डेल. मी कुणाला काही बोलणार नाही. ठेव तू. पण तू ज्याच्यासाठी ठेवतेस त्यालाच मिळतंय असं धरून चालू नकोस."

"त्या म्हाताऱ्यालाही भूक लागतेच की."

"लागते ना. पण तुझी झोप उडाली आहे ती काही त्याच्यासाठी नाही."

दुपारी वाढताना तिला वाटलं की सगळ्या मुलांच्या तोंडात फक्त दात दिसताहेत, पडलेले, अर्धे आलेले, काळे, चांदीने मढवलेले. एकाने विचारलं, "मिस व्हर्डेल, तुम्ही माझ्या दातांकडे काय बघताय?" आणि ती म्हणाली, घासतोस का रे रोज, आणि सगळी बाकं हसली. हॉलमध्ये सुट्टीचा आवाज भरलेला होता, थंड दूध आणि फिनेलचा वास, आणि भिंतीवरच्या कागदावर मोठ्या अक्षरांत तारीख: शेवटचं जेवण, शुक्रवार ९ ऑगस्ट. शाळा उघडते बुधवारी, २१ ऑगस्टला. मधले अकरा दिवस दर वर्षी असतात. काउंटीचं कंत्राट संपतं, शीतपेटी परत जाते, चर्चचा हॉल एका लग्नासाठी आणि मग रंगकामासाठी दिलेला असतो. चौदा वर्षं व्हर्डेल त्या अकरा दिवसांत पडदे धूत आली होती, आणि एकदा लॉनीकडे गेली होती. ते दिवस तिला सुट्टीचे वाटत आले होते.

शुक्रवारी, ९ तारखेला, अठ्ठावन्न मुलं आली. अमॅरिस नव्हती. दुपारी एकनंतर टॉलिव्हर आणि तिने शीतपेटी रिकामी केली. उरलेलं सगळं फेकायचं असतं आणि त्यांनी ते फेकलं नाही. तीन पिशव्या भरल्या: सहा सँडविचं, कडा कापून, सीलबंद दूध, केळी, मऊ बिस्किटांची पाकिटं. सँडविचं एक दिवस टिकतील, फार तर दीड. अकरा दिवसांचं जेवण विटांच्या कठड्यावर ठेवता येत नाही हे दोघांनाही दिसत होतं. व्हर्डेलने चिठ्ठी लिहायला घेतली, आपला फोन नंबर, आणि मग अमॅरिस हे नाव लिहायचं की नाही यावर हात थांबला. नाव लिहिलं तर मुलीला कळेल की कुणाला तरी तिचं नाव माहीत आहे. तिने चिठ्ठी फाडली. शेवटी मधल्या पिशवीशेजारी, नेहमीच्या विटेवर, एक सफरचंद ठेवलं. खाण्यासाठी नाही. भुकेल्या मुलीसमोर आपण खूण मांडतो आहोत, आपल्याला कळावं म्हणून, हे तिला ठेवतानाच कळत होतं, आणि तरी तिने ते ठेवलं, देठ वर करून.

शनिवारी आणि रविवारी ती गेली नाही. रविवारी लॉनीचा फोन आला. तो गुडघ्यांबद्दल बोलला. तिने मध्येच विचारलं, "लॉनी, तुला मिसेस गेन्स आठवते?" तो म्हणाला, "कोण?" आणि ती म्हणाली, काही नाही.

सोमवारी, १२ ऑगस्टला, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी तिने गाडी चर्चमागे उभी केली. तिन्ही पिशव्या नव्हत्या. सफरचंदही नव्हतं.